छप्पन्न एपीओ नावाचं गाव

आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यामुळे लष्करातल्या काकांची पत्रं तिला वाचून दाखवायचं आणि तिची उत्तरं लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. ती सांगायची, मी लिहायची. 'चिरंजीव यास अनेक उत्तम आशीर्वाद' ही सुरुवात ठरलेली, 'कळावे' हा शेवट ठरलेला. मधला मजकूर दर वेळी वेगळा असे, पण त्यातलं एक वाक्य कधी चुकलं नाही. 'हल्ली तू कुठे आहेस ते कळव.' त्या वाक्याला एकदाही उत्तर आलं नाही.

काकांच्या पत्त्यात त्यांचा नंबर, हुद्दा, नाव, पलटणीचं नाव आणि सगळ्यांत शेवटी '५६ एपीओ' एवढंच असे. मला ते गावाचं नाव वाटायचं. शाळेच्या नकाशात मी ते शोधलंही होतं. आजीनेही ते तसंच धरलं होतं. कुणी विचारलं की ती सांगायची, 'तो छप्पन्नला असतो.' खूप वर्षांनी कळलं की एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, लष्कराचं टपाल कार्यालय. ५६ एपीओची पत्रं दिल्लीतल्या लष्करी टपाल केंद्रात जातात, ९९ एपीओची कोलकात्याला, आणि तिथून ती ज्या त्या तुकडीकडे पाठवली जातात. कुठली पलटण आज कुठे आहे हे तिथल्या माणसांना ठाऊक असतं, पाकिटाला ठाऊक नसतं. पलटण वाळवंटातून बर्फात गेली तरी पत्ता तोच राहतो.

काकांची पत्रं अर्ध्या पानाची असत. 'इकडील सर्व क्षेम आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. काळजी नसावी. आईने औषध वेळेवर घ्यावे.' माझं वाचून संपलं की आजी थोडा वेळ गप्प बसायची आणि मग म्हणायची, 'नीट वाच. मधलं काही गाळलंस का?' मी पत्र तिच्यासमोर धरून एकेका ओळीवरून बोट फिरवायची, म्हणजे इतकंच लिहिलंय याची तिची खात्री पटावी. आपल्या मुलाने आणखी काहीतरी लिहिलं असणार आणि ते वाचणाऱ्याकडून सुटतंय, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही. तिची शंका बरोबर होती असं मला आता वाटतं. फक्त गाळणारी मी नव्हते.

काका रजेवर यायचे तेही न कळवता. एकदा असेच दारात उभे राहिले तेव्हा आजीचा इतक्या दिवसांचा राग बाहेर पडला. 'कुठे असतोस एवढं लिहायला काय होतं तुला? आई आहे मी तुझी.' काका तिला काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र त्यांनी मला जवळ बसवून विचारलं, 'मी पत्र पेटीत टाकल्यापासून ते आजीच्या कानावर पडेपर्यंत किती जणांच्या हातातून जातं, मोज बरं.' मी मोजू लागले. पेटी उघडणारा, शिक्का मारणारा, पोती बांधणारा, गाडीत चढवणारा, उतरवून घेणारा, आमचा पोस्टमन, मी. 'आणि तू वाचल्यावर शाळेत कुणाकुणाला सांगतेस?' मी गप्प झाले. कारण मी सगळ्यांना सांगायची. काका लष्करात आहेत याचा मला फार अभिमान होता, आणि त्यांच्या पत्रातलं अक्षर न् अक्षर मी मधल्या सुट्टीत वर्गभर वाटून टाकायची.

ते रागावले नाहीत. 'एका पत्रातून कुणाला काही कळत नाही,' एवढंच म्हणाले. 'शंभर पत्रं एका ठिकाणी ठेवली की कळतं.'

तेव्हापासून सैनिकांच्या पत्रांबद्दल जिथे जे मिळेल ते मी वाचत आले. बरीच वर्षं वाचल्यावर एक गोष्ट मनात ठाम बसली, आणि ती लिहावी म्हणूनच हा लेख. घरच्या माणसाला जे विचारावंसं वाटतं, नेमकं तेच शत्रूलाही हवं असतं. कुठे आहेस? बरोबर किती जण आहेत? पुढे कुठे जाणार? कधी परत येणार? मायेचे आणि हेराचे प्रश्न शब्दाशब्दाने सारखे आहेत. आजीने मला सांगून लिहवून घेतलेली ती ओळ एखाद्या शत्रूच्या अधिकाऱ्यानेही जशीच्या तशी सांगितली असती. सैनिकाने काय लिहायचं नाही हे ठरवणाऱ्या नियमांची सगळी अडचण यातच आहे. कारण एरवी माणूस घरी पत्र लिहितो ते मुख्यत्वे हेच सांगायला.

दुसऱ्या महायुद्धात परदेशी निघालेल्या अमेरिकी सैनिकांना एक छोटी पुस्तिका दिली जाई. त्यात पत्रात न लिहायच्या दहा गोष्टी होत्या. आपली तुकडी कुठे आहे, किती मोठी आहे, तिच्याकडे कसली शस्त्रं आहेत ते लिहू नका. तळांबद्दल आणि वाहतुकीच्या सोयींबद्दल लिहू नका. जहाजांचा काफिला कुठल्या बंदरातून निघाला, किती दिवस लागले, वाटेत काय घडलं, हे लिहू नका. शत्रूच्या हल्ल्याचा काय परिणाम झाला ते लिहू नका. कुणी मेलं किंवा जखमी झालं तर अधिकृतपणे जाहीर होईपर्यंत त्याबद्दल अक्षर लिहू नका. सांकेतिक भाषा वापरू नका. आणि पुढच्या मोहिमांबद्दल काहीही लिहू नका, मग ते तुम्हाला नक्की माहीत असो की तो तुमचा नुसता अंदाज असो.

त्या शेवटच्या भागापाशी मी दर वेळी थांबते. नुसता अंदाजही नको! माहिती दडवणं एक वेळ जमतं. पण उन्हाळी कपडे वाटले म्हणजे आपल्याला गरम मुलखात नेणार, हे मनात आल्यावर ते बायकोला न लिहिणं किती जड असेल. तरी नियम योग्यच होता, कारण हजार सैनिकांचे हजार अंदाज एकाच दिशेला बोट दाखवू लागले तर त्यालाच माहिती म्हणतात.

शत्रू हे तुकडे कसे जुळवत असे ते समजलं की 'साध्या पत्रात काय एवढं' असं म्हणवत नाही. पहिल्या महायुद्धात दोन्ही बाजू कैद्यांचे आणि मेलेल्या सैनिकांचे खिसे तपासत. बिल्ला, पगारपुस्तिका, रोजनिशी आणि पत्रं. घरून आलेलं पत्रसुद्धा. त्यात आईने काय लिहिलंय याच्याशी वाचणाऱ्याला देणंघेणं नसे. त्याला पत्ता हवा असे, कारण पत्त्यावर पलटणीचं नाव असे. समोर कुठली पलटण आहे हे कळलं की ती आधी कुठे होती ते आठवायचं, तिथून ती हलली म्हणजे तिथे आता दुसरी कुणी आली असणार हे ताडायचं, आणि अशा पंधरा-वीस नोंदी झाल्या की हल्ला कुठून होणार याचा नकाशा तयार. म्हणून रात्री शत्रूच्या खंदकावर छापा घालायला निघणारे सैनिक खिसे रिकामे करून जात. बिल्ले काढून ठेवत, कागद मागे ठेवत. ज्या रात्री घरचं पत्र छातीशी असावं असं सगळ्यांत जास्त वाटत असेल, नेमकं त्या रात्री ते मागे ठेवावं लागे. आम्ही आजीच्या नावाने पाठवलेली पत्रंही काकांनी कधी अशी मागे ठेवली असतील का, हे त्यांना विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

याची दुसरी बाजू पॅसिफिकच्या युद्धात दिसली. अमेरिकी सैनिकांना आघाडीवर रोजनिशी ठेवायला मनाई होती. जपानी सैनिक मात्र सर्रास रोजनिशा लिहीत, पत्रं जवळ बाळगत. आपली भाषा परक्याला वाचता येणारच नाही असा त्यांच्या सैन्याचा विश्वास होता. 1942 मध्ये दोस्त राष्ट्रांनी ऑस्ट्रेलियात भाषांतराचं मोठं केंद्र उभं केलं आणि तिथे जपानी वंशाच्या अमेरिकी तरुणांनी ते कागद वाचून काढले. कुठल्या बेटावर किती लोक उरलेत, तांदूळ किती दिवसांचा आहे, ताप किती जणांना आहे, सगळं त्यात होतं. लिहिणाऱ्याने ते शत्रूसाठी लिहिलं नव्हतं. त्याने मन मोकळं केलं होतं, आणि त्या मोकळ्या मनाच्या आधाराने त्याच्याच सोबत्यांवर नेम धरला गेला. गुपित राखणं म्हणजे सरकारची आज्ञा पाळणं असं आपण समजतो. खंदकात ते शेजारी झोपलेल्या माणसाच्या जिवाशी बांधलेलं असतं.

मग लिहायचं तरी काय? ब्रिटिश सैन्याने पहिल्या महायुद्धात यावर छापील उत्तर काढलं. एक कार्ड, त्यावर तयार वाक्यं. 'मी अगदी बरा आहे.' 'मला इस्पितळात दाखल केले आहे.' 'मला तळाकडे पाठवत आहेत.' 'तुमचे पत्र मिळाले.' 'बऱ्याच दिवसांत तुमचे पत्र नाही.' नको ती वाक्यं खोडायची, खाली सही आणि तारीख. बाकी एक शब्दही वाढवला तर कार्ड नष्ट केलं जाईल, असं वरच छापलेलं होतं. जिवंत असल्याचं सांगायचं, पण आपल्या शब्दांत सांगायचं नाही.

हे कार्ड पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला काकांची पत्रं आठवली. आपल्याकडे असं कार्ड छापायची गरज नव्हती, ते आपल्या पत्रलेखनात आधीपासून तयार होतं. 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे.' पिढ्यान् पिढ्या घासून गुळगुळीत झालेली ही वाक्यं शाळेत मला कोरडी वाटायची. लष्करातल्या माणसाला ती किती उपयोगाची असतील हे नंतर उमगलं. खोटं बोलावं लागत नाही, खरं सांगावं लागत नाही, आणि हात चालू राहतो. आईला हवं असतं ते मुलाच्या हाताचं वळण. अक्षर थरथरलं की नाही, शाई सारखी आहे की नाही. आजीला अक्षर वाचता येत नव्हतं, पण ती पत्र हातात घेऊन त्यावरून अंगठा फिरवायची हे मला चांगलं आठवतं.

माणूस छापील कार्डातूनही वाट काढतोच. विल्फ्रेड ओवेन या तरुण ब्रिटिश कवीने आईशी ठरवून ठेवलं होतं की 'मला तळाकडे पाठवत आहेत' हे वाक्य त्याने दोन रेघांनी खोडलेलं असलं, तर तो पुन्हा आघाडीवर आहे असं समजायचं. एक शब्दही वाढवला नाही, फक्त एक रेघ जास्त. नियमाने पाहिलं तर हा गुन्हाच होता. शत्रूच्या हाती ते कार्ड पडून काही बिघडलं असतं असं मला वाटत नाही, पण माझं वाटणं हा काही निकष नव्हे. प्रत्येकाला आपली रेघ निरुपद्रवीच वाटते. ओवेन 4 नोव्हेंबर 1918 ला मारला गेला. त्याच्या मृत्यूची तार आईच्या हाती पडली ती 11 तारखेला, युद्ध संपल्याच्या घंटा वाजत असताना.

पत्रं तपासायचं काम सेन्सॉर कार्यालयातल्या अनोळखी माणसांकडे असतं असं माझं बरीच वर्षं मत होतं. ब्रिटिश सैन्यात ते आधी तुकडीतल्याच कनिष्ठ अधिकाऱ्याकडे असे. दिवसभर ज्यांच्याबरोबर चिखल तुडवला त्यांचीच पत्रं रात्री मेणबत्तीच्या उजेडात वाचायची, गावाचं नाव आलं की खोडायचं, सही करायची. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, आणि समोर चाळिशीच्या सैनिकाने बायकोला लिहिलेलं पत्र! आणि सैनिकाला तरी काय वाटत असेल? उद्या सकाळी जो आपल्याला हुकूम देणार तो आज आपलं सगळं वाचणार, हे माहीत असताना पहिली ओळ लिहायची. बायकोला 'तुझी आठवण येते' एवढं लिहायलाही छातीच लागत असेल. यावर उतारा म्हणून 1915 मध्ये हिरवं पाकीट आलं. त्यावर सैनिकाने सही करायची की आत खासगी आणि घरगुती बाबींखेरीज काही नाही, हे मी माझ्या शब्दावर सांगतो. मग तुकडीत ते कुणी उघडत नसे. मागे तळावर क्वचित उघडलं जाई. अशी पाकिटं मोजकीच मिळत आणि लोक ती जपून वापरत. या सगळ्या व्यवस्थेत मला भावतं ते हे हिरवं पाकीट. माणसावर विश्वास टाकला की तो बहुधा शब्दाला जागतो, हे युद्धाच्या मध्यातही कुणाला तरी सुचलं.

1914 मध्ये हिंदी पलटणी फ्रान्सला उतरल्या तेव्हा त्यांच्या पत्रांसाठी वेगळी सेन्सॉर व्यवस्था झाली. कॅप्टन हॉवेल नावाचा अधिकारी तिचा प्रमुख होता. बऱ्याच सैनिकांना स्वतः लिहिता येत नसे, ते सोबत्याकडून लिहवून घेत, आणि गावाकडे दुसरा कुणीतरी ते वाचून दाखवी. दोन्ही टोकांना माझ्यासारखं एकेक मूल किंवा माणूस बसलेलं. म्हणजे पत्र आईपर्यंत पोचेतो ते किती कानांवर जाणार हे लिहवून घेणाऱ्यालाही माहीत असे. तरी लोक सांगायचं ते सांगतच. एका पत्रात मजकूर असा की काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतायत, पण मधून मधून काळी मिरीच कामाला येते, कारण ती जास्त तिखट असते. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. आपली माणसं किती खर्ची पडली हे त्याने स्वयंपाकघरातल्या दोन डब्यांत मांडलं.

मराठी वाचकाला हे वाचताना पानिपतानंतरचं पत्र आठवल्याशिवाय राहत नाही. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही. 1761 सालची ही सावकारी भाषेतली बातमी नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडली असं परंपरेने सांगितलं जातं. इयत्ता चौथीत आम्ही ते वाक्य पाठ केलं होतं, आणि मोती कोण ते बाई फळ्यावर लिहून देत. तेव्हा ती मला हुशारी वाटायची. आता वाटतं, इतकी मोठी वार्ता सरळ लिहायला हात धजावला नसेल, आणि हिशोबाच्या भाषेने त्या हाताला आधार दिला असेल. गुप्तता हे त्यातलं एक कारण. दुसरं कारण लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

मिरीचा अर्थ सेन्सॉरने ओळखला होता, म्हणून तर तो उतारा आज आपल्याला वाचता येतो. हॉवेलच्या कार्यालयात पत्रांमधले उतारे भाषांतर करून अहवालाला जोडले जात आणि ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपलेले आहेत. मूळ पत्रं बहुतेक नाहीशी झाली. घरी पोचली, कानाला लागली आणि विरली. ज्याचं काम मजकूर अडवण्याचं होतं त्याच्याच फायलीत त्या माणसांचा आवाज उरला. या गोष्टीने मला कितीदा तरी अस्वस्थ केलं आहे. आमच्या घरीही काकांची पत्रं आज नाहीत. दोन घरं बदलताना ती कुठे गेली कुणालाच सांगता येत नाही. आमची पत्रं कुणी अडवली नाहीत, म्हणून कुठल्या फायलीतही ती नाहीत.

या अडवण्याचा गैरवापरही झाला आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटत नाही. फेब्रुवारी 1945 मध्ये अलेक्झांडर सोल्झेनित्सिन हा तोफखान्यातला सोव्हिएत कॅप्टन आघाडीवरून पकडला गेला. त्याने तुकडीची जागा फोडली नव्हती. मित्राला लिहिलेल्या पत्रांत त्याने स्टालिनवर टीका केली होती. आठ वर्षांची शिक्षा झाली. जागा, आकडा आणि तारीख खोडणाऱ्या कात्रीने मत खोडायला सुरुवात केली की ती सैनिकाचा जीव वाचवत नसते, ती वरच्या माणसाची खुर्ची वाचवत असते. नियम पाळणाऱ्याला हा फरक कळत असतो. म्हणूनच 'गुप्ततेसाठी' हा शब्द ज्याने-त्याने जपून वापरावा असं मला वाटतं.

आता पत्रं कुणी लिहीत नाही, तरी आजीची ती ओळ काही बदललेली नाही. 2010 मध्ये एका इस्रायली सैनिकाने फेसबुकवर लिहिलं की बुधवारी आपण अमुक गावात कारवाई करणार, आणि देवाच्या मनात असेल तर गुरुवारी घरी. कारवाई रद्द करावी लागली. त्याला दहा दिवसांची कैद झाली, तुकडीतून काढलं गेलं. त्याच्या सोबत्यांनीच वरिष्ठांना सांगितलं होतं, आणि त्यांचं बरोबर होतं. माझं लक्ष मात्र त्या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्याकडे जातं. त्याला कुणाला तरी 'गुरुवारी घरी' हे सांगायचं होतं. बुधवार त्या गुरुवारच्या बरोबर फरफटत आला.

पूर्वी शब्द खोडले की भागत होतं, आता शब्द न लिहिताही फुटतं. 2007 मध्ये इराकमधल्या अमेरिकी तळावर नवी अपाची हेलिकॉप्टरं आली. सैनिकांनी हौसेने फोटो काढून इंटरनेटवर टाकले. फोटोत दडलेल्या नोंदीत जागेचे अक्षांश-रेखांश होते. तोफगोळे नेमके तिथे पडले आणि चार हेलिकॉप्टरं गेली. पुढे धावण्याचा हिशोब ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपने जगभरच्या धावण्याच्या वाटांचा नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी 2018 मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की ओसाड प्रदेशात उजळलेले ते चौकोन म्हणजे लष्करी तळ आहेत. सकाळी पळायला जाणाऱ्या सैनिकांनी आपल्या पावलांनी कुंपणाची रेघ काढून दिली होती. 2020 मध्ये आपल्या लष्करानेही 89 ॲप फोनमधून काढून टाकायला सांगितले, त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्राम होतं. घरच्यांनी कुरकुर केली असेल. फोटो दिसणं बंद झालं.

पण सैनिकाच्या पत्रातलं सगळंच न लिहिलेलं नियमामुळे नसतं. भीती वाटते हे लिहायला कुठल्याच यादीत मनाई नव्हती. झोप लागत नाही, हात कापतात, काल शेजारचा माणूस रडत होता, हे जागेचं नाव न घेता लिहिता आलं असतं. बहुतेकांनी लिहिलं नाही. ती गाळणी त्यांची स्वतःची. नियमाने गाळलेलं आणि मायेने गाळलेलं पत्रात सारखंच दिसतं, दोन्हीकडे कोरा कागद. मला तर वाटतं की नियमाचा कितीतरी सैनिकांना आधारच झाला असेल. 'आम्हाला लिहायला परवानगी नाही' असं म्हणता येत होतं, आणि आई ते मानत होती.

आजीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. काकांनी मला समजावलं ते मी तिला माझ्या परीने समजावलं. हात मोजून दाखवले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या पत्राला बसलो तेव्हा नेहमीच्या ठिकाणी ती अडली. मी पेन धरून वाट बघत होते. 'तिकडे थंडी फार आहे का, असं लिही,' ती म्हणाली. मी लिहू लागले तशी लगेच म्हणाली, 'नको. खोड ते. थंडी सांगितली की जागाही सांगितल्यासारखंच.' मी खोडलं. मग बराच वेळ विचार करून म्हणाली, 'त्याला विचारता येत नाही ना? मग आपण आपलं सांगू.' त्या दिवसापासून तिची पत्रं लांबली. कुणाचं लग्न ठरलं, कुठल्या भिंतीला ओल आली, मांजरीला किती पिल्लं झाली आणि त्यातलं कुठलं आंधळं आहे, माझे गणितात किती गुण आले. माझा हात दुखेपर्यंत ती सांगायची. काकांची उत्तरं अर्ध्या पानाचीच राहिली, पण त्यांत एखादा प्रश्न दिसू लागला. 'आंधळे पिल्लू कसे आहे?' आजी ते वाक्य माझ्याकडून तीनतीनदा वाचून घेई.

आता काका निवृत्त आहेत आणि त्यांचा मुलगा लष्करात आहे. रविवारी त्याचा फोन येतो, कधी येत नाही. काकू स्पीकर लावते. जेवलास का, झोप होते का, सर्दी गेली का, हे तिचे प्रश्न. 'कुठे आहेस' हे तिनेही कधी विचारलेलं मी ऐकलं नाही. काका फोनजवळ येत नाहीत, खिडकीपाशी बसून असतात. गेल्या महिन्यात मी तिथे होते. बोलणं संपत आलं तसा तिकडून एकदम मोठा घोंघावणारा आवाज आला, वाऱ्याचा असेल, आणि त्यात कसल्यातरी यंत्राची धडधड. काकांनी मान वर केली. उठून टेबलापाशी आले आणि फोनवर वाकून उभे राहिले. चुलतभाऊ म्हणत होता, 'ठेवतो आता, आई.' फोन बंद झाला तरी ते थोडा वेळ तसेच उभे होते.

'काय ऐकत होतात एवढं?' काकूने विचारलं.

'काही नाही,' काका म्हणाले, आणि खिडकीपाशी जाऊन बसले.